दोन आवर्तनं मोकळी

धून मध्यावर आली आणि सगळी मुलं एकदम थांबली. ड्रमवरची मुलगी स्टिक्स हवेत धरून ओठांतल्या ओठांत मोजत होती. दोन आवर्तनं गेली, मग बास आला, मग कीबोर्ड.

"बघा ना मॅडम," वाजवून झाल्यावर ती म्हणाली, "इथे लोकांना वाटतं, आम्ही विसरलो. मागच्या वेळी तर टाळ्याच सुरू झाल्या. एवढं मी भरून काढू का? छोटासाच तुकडा."

"अगं, तीच तर गंमत आहे," कीबोर्डवरचा मुलगा म्हणाला. "त्या शांततेवर आपल्या पुस्तकात आख्खं पान आहे."

"मग पुस्तकच वाजव."

मुलांच्या मॅडम, म्हणजे बाई, पहिल्या रांगेत बसल्या होत्या. धून त्यांचीच. जॅझ फ्यूजन शिकायला आलेलं प्रत्येक पोर ती कधी ना कधी वाजवतंच.

शेजारी बसलेला लंबू त्यांच्या कानाशी वाकला. मूळ रेकॉर्डिंगमध्ये बास त्याचा होता. रेकॉर्डिंगच्या त्या खोलीतले आता हे दोघेच उरले होते.

"सांगून टाक एकदाचं."

"काय सांगू?"

"हेच. पायाने बाळाची टोपली हलवत वाजवत होतीस. बाळ रडलं, तू हात उचललेस. आम्ही बावळटासारखे तुझ्या तोंडाकडे बघत थांबलो."

"आणि पुढचं?"

पुढचं लंबूलाही ठाऊक होतं. बाळ पुन्हा झोपलं, धून पुरी झाली. रेकॉर्ड दुकानांत आली तेव्हा बाळ नव्हतं. त्याचा आवाज कुठेच राहिला नाही. रेकॉर्डवरचं ते रडणंही कुणीतरी निगुतीने पुसून टाकलं होतं.

"भरू ना मॅडम?"

"नको गं. राहू दे मोकळं."

"पण तेवढा वेळ आम्ही करायचं काय?"

बाईंनी जरा विचार केला. "कान द्यायचा."

"कशाकडे?"

"चला, पहिल्यापासून घ्या."

मुलांनी सुरुवात केली. मध्यावर येऊन सगळी थांबली. पंख्याची घरघर तेवढी उरली. लंबूची नजर खाली गेली. बाईंनी चप्पल काढली होती. टाच जमिनीला टेकवून त्यांचा डावा पाय हळूहळू पुढे-मागे होत होता.

बास आला, कीबोर्ड आला. पाय थांबला नाही.