बशीतली कंडरा

"आज जरा तिरकी दिसतेय का गं?" तामातीने विचारलं.

"आल्या आल्या तक्रार! आधी बसा तर, कोरो." अनाहेरा प्रयोगशाळेत येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याला कोरोच म्हणायची. कोरो म्हणजे त्या दोघांच्या भाषेत आजोबा.

बशीतल्या गुलाबी पाण्यात ती होती. पेशींपासून वाढवलेली, बोटभर लांबीची कंडरा. स्नायूला हाडाशी बांधते ती दोरी. छोटं यंत्र तिला दिवसभर हळूच ताणायचं, हळूच सोडायचं. झोपेतल्या माणसाच्या श्वासासारखं.

तामातीची बायको, हुहाना, गेल्या हिवाळ्यात वारली होती. तेव्हापासून तो प्रयोगशाळा सोडून कुठेच जात नसे. बंदरावरून चढण चढून इथे यायचा आणि बशीशी बोलत बसायचा. परसातल्या रताळ्यांचं. वाऱ्याचं. हुहानाला अंधारात एकटीला झोप लागत नसे, त्याचं.

"आज छान दिसतेय हुहाना," अनाहेरा म्हणाली. बशांवर नावं नसत, नुसते आकडे. पण तो कुणाशी बोलतो हे कळायला नाव कशाला हवं?

तामाती हसला. अवघडलेला डावा हात त्याने बाहीत ओढून घेतला.

"तुझा बॉस कापणारच म्हणतो?"

"आतले धागे सरळ झालेत का, हे बघायला कापतात. पण उजेडातच सगळे एका रेषेत दिसले, तर न कापता तुम्हाला द्यायची. कबूल केलंय त्याने."

"मला ती अख्खी हवी. आपल्यात शरीराचा तुकडा कचऱ्यात जात नाही. मातीत परत जातो."

"हे मला शिकवताय? माझ्या आजीने ऐकलं तर तुमचा कान पिळेल!"

तिने खोलीतला दिवा मालवला. बशीखालचा उजेड लावला आणि फक्त सरळ धागेच उजळून दाखवणारी वरची काच हळूहळू फिरवू लागली.

आधी सगळं काळं. तामाती पुढे वाकला. मग एक धागा उजळला. त्याच्या शेजारचा. आणि मग सगळी कंडरा या टोकापासून त्या टोकापर्यंत पेटली. मावळतीला बंदराच्या पाण्यावर उन्हाची वाट पडते, तशी.

"सरळ," अनाहेरा म्हणाली. "सगळे सरळ."

तिने यंत्र थांबवलं, पुटपुटत प्रार्थना म्हटली आणि कंडरा त्याने आणलेल्या लाकडी डबीत ठेवली.

दिवस कलताना तामाती टेकडीवरच्या दफनभूमीत पोचला. हुहानाच्या उशाशी गुडघे टेकून त्याने हाताने माती उकरली. डबी आत ठेवली. माती सारखी करताना बाही वर सरकली. डाव्या मनगटावर, डॉक्टरांनी पेशींसाठी कंडरेचा तुकडा काढून घेतला होता तिथली टाक्यांची खूण अजून गुलाबी होती.

"आलो गं," तो म्हणाला. "थोडासाच आलोय. बाकीचा मागाहून येतो."