हिच्या माहेरचं

"हे आमच्याकडचं नाही," सहदेवअण्णांनी खुर्चीत बसता बसताच सांगून टाकलं. "हिच्या माहेरचं आहे. तसंच लिहा."

परळच्या इस्पितळातल्या त्या छोट्या खोलीत समुपदेशक मेघनाने अजून पेनाचं टोपणही काढलं नव्हतं. अण्णांच्या थोरल्या मुलीला, अनुजाला, ऐन चौतिशीत स्तनाचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशन झालं होतं. रक्ताच्या तपासणीत जनुकातला बिघाड सापडला होता आणि तो पिढीजात होता. तो आईकडून आला की वडिलांकडून, एवढं कळलं की त्या बाजूच्या बायकांना वेळेत सावध करता येणार होतं. धाकट्या श्रेयाची तपासणी तर लगेच करायची होती.

"वडिलांकडून?" अण्णा हसले. "बायकांचा आजार तो. माझा काय संबंध?"

"पुरुषाला स्वतःला काही न होता त्याच्याकडून मुलीला येऊ शकतो, काका."

अण्णांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी एक वाटणी पक्की करून ठेवली होती. अनुजाचा शाळेत नंबर आला, तो त्यांच्या घराण्यामुळे. तिला चष्मा लागला, तो बायकोच्या, प्रमिलाकाकूंच्या, माहेरामुळे. श्रेयाचा गोड गळा इकडचा, बसकं नाक तिकडचं. कॅन्सर आला तेव्हा त्यालाही त्यांनी मुकाट तिकडे बसवलं, आणि आजारी लेकीच्या उशाशी उभं राहून तसं बोलूनही दाखवलं. माणसाला लाज नसली की किती सोपं जातं! प्रमिलाकाकू तेव्हा उठून चहा ठेवायला गेल्या होत्या.

"घरात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर आणखी कुणाला होता?" मेघनाने वंशवेल काढायला घेतली.

"घ्या लिहून." अण्णा सरसावून बसले. "हिची थोरली आत्या, गाठ होऊन गेली. धाकटी आत्या, तिचंही तेच."

"आणि मधली आत्या..." शेजारी बसलेल्या प्रमिलाकाकू म्हणाल्या.

"तू गप्प गं. मी सांगतोय ना?"

मेघनाने दोन गोल काळे केले. "आणि तुमच्या बाजूला?"

"कोरं सोडा. एकदम क्लीन." अण्णा पुढे वाकले. "आणि एक सांगतो मॅडम, यातलं अक्षर माझ्या बहिणीच्या कानावर जाता कामा नये. श्रेया तिच्याच मुलाला, विनीतला दिलीय. साखरपुडा झालाय. हिचं माहेर असलं निघालं कळलं, तर सोयरीक मोडेल."

"पण तुमच्या बाजूचं निघालं तर बहिणीलाही धोका आहे, काका. त्यांनाही तपासावं लागेल."

"नाहीच आमच्या बाजूचं, तर तपासायचं कशाला?"

मेघनाने वाद घातला नाही. "तुमचं लग्न नात्यातलं आहे का? पिढ्यान् पिढ्या मोजक्या घरांतच लग्नं होत राहिली, की असा दोष त्याच घरांतून फिरत राहतो. काही समाजांत तसं दिसतं, म्हणून विचारते."

पुढचं वाक्य अण्णांपर्यंत पोचलंच नाही. नात्यातलं लग्न एवढं ऐकूनच त्यांची छाती फुगली. ते ज्ञाती मंडळाचे अध्यक्ष होते. लालबागच्या हॉलमध्ये दर वधू-वर मेळाव्याला ठोकायचं भाषण त्यांना तोंडपाठ होतं.

"आमच्यात बाहेरचं रक्त चालत नाही, मॅडम. मामाची मुलगी हक्काची! विनीतला मामाची मुलगी म्हणून श्रेया दिली. मी स्वतः मामाचीच केली. ही काय, बाजूला बसलीय."

मेघनाचं पेन थांबलं. पोरगी इम्प्रेस झाली, असं अण्णांना वाटलं.

"काकू," तिने विचारलं, "मधल्या आत्याचं काय सांगत होतात मघाशी?"

प्रमिलाकाकूंनी आधी नवऱ्याकडे पाहिलं. या खेपेला ते गप्प बस म्हणाले नाहीत.

"पोटात पाणी होऊन गेली. सगळे पोटाचं दुखणं म्हणायचे, पण शेवटी अंडाशयाचा कॅन्सर निघाला. मीच होते जवळ." त्यांनी पदर सारखा केला. "ती यांची आई. आणि आता तिच्याच लेकीला काही कळू द्यायचं नाही म्हणतायत."