रागाची खोली

खट्कन कडी लागली, तेव्हा कुठे गुपचूप बसलेलं घर जरा सैल झालं. शिवारात वाघ फिरू लागल्यापासून दिवेलागणीनंतर कोणी उंबरा ओलांडत नव्हतं. एकाच खोलीत सासू-सासरे, नवरा, मयुरी, लेक चंचल आणि टीव्ही.

टीव्हीवर चंचलची आवडती विनोदी मालिका लागली होती. त्यातली पोरगी घरच्यांची लाज वाटली की आपल्या खोलीत पळायची आणि धाडकन दार लावून घ्यायची.

इकडे आजोबा फोनवर चंचलच्या आत्याला मोठ्यानं सांगत होते, "अवं, आपली चंचल काल शाळेत गुरुजीलेच माह्यासारखं आबाजी म्हणली ना!"

सगळे खो-खो हसले. मयुरीलाही हसू आवरलं नाही. चंचल तणतणत उठली, पण जाणार कुठे? घराला दार एकच, त्यालाही कडी. ती सगळ्यांच्या मधोमध, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

मयुरीला कसंतरीच झालं. तिनं कोपऱ्यातली धानाची दोन पोती सरकवली आणि आडोशाला आपली जुनी साडी बांधली.

"घे माय, हे तुही खोली. इथी कोणी येनार नाई."

"ठेव लाडावून पोरीले!" सासूबाई म्हणाल्या.

चंचल आत शिरली, साडी ओढून घेतली. थोड्या वेळानं तिचं नुसतं डोकं बाहेर आलं.



"आई, तुले राग आला त तू कुठी जातेस वो?"