व्याख्या आणि हिरवा पुडा

तैवानमधल्या शिंचूच्या त्या कारखान्यात संगणकांची माहिती इकडून तिकडे पोचवणाऱ्या जुन्या यंत्रावर नारळी खाऊचा हिरवा पुडा ठेवलेला असे. पुडा ताजा असेपर्यंत यंत्र शहाण्यासारखं वागतं, ही सगळ्यांची श्रद्धा. आणि खरंच, त्या यंत्रात वाटेत हरवलेल्या पाकिटांचा, म्हणजे माहितीच्या तुकड्यांचा, आकडा वर्षानुवर्षं शून्य होता. तिथली तरुण अभियंता यी-रोंग हिने शोधून काढलं, की बाकीची यंत्रं ज्यांना ‘हरवलेली’ म्हणतात, त्यांना हे ‘इतर’ म्हणतं. तिने सगळ्या यंत्रांना एकच नाव, एकच व्याख्या लावली, आणि सोमवारी सकाळी शून्याच्या जागी चाळीस हजार दिसू लागले.

“तू हात लावेपर्यंत गुणी होतं बिचारं,” ते यंत्र सांभाळणारा हुंगदादा म्हणाला.

“दादा, पाकिटं आधीही हरवतच होती. आता मोजली जातात, एवढंच.”

“उद्या गिऱ्हाईक येणार आहे, पोरी,” त्साइसाहेब म्हणाले. “संध्याकाळपर्यंत तुझी ती व्याख्या काढून टाक.”

जेवून सगळे परतले, तेव्हा हुंगदादाने सहज पुडा उलटून पाहिला आणि कपाळाला हात लावला. “साहेब, ह्याची मुदत मागच्याच महिन्यात संपलीय. यंत्र रुसणार नाही तर काय करणार?”

साहेबांचा जीव भांड्यात पडला. “मग व्याख्येचा काय दोष? राहू दे ती. नवा पुडा ठेवा, आणि पाकिटं कुठे हरवतात तेही जरा बघा.”

 

मुदत संपलेला पुडा मिळवायला यी-रोंगला जेवणाच्या सुट्टीत पाच दुकानं पालथी घालावी लागली होती.