दोन पिस्तुलांतलं एक

काचेच्या काउंटरवर मखमलीवर दोन पिस्तुलं ठेवली होती. दोन्ही परदेशी, दोन्ही महागडी. निवडणूक हरल्यापासून ह्यांना रस्त्यातला प्रत्येक मोटारसायकलवाला मारेकरी वाटतो, म्हणून लायसन्स काढलेलं.

"हिलाही हाताळू दे. घरातच राहणार आहे ते," हे दुकानदाराला म्हणाले.

दोन्ही रिकामी असल्याचं दाखवून त्यानं समजावलं, वरचा भाग मागे ओढला की गोळी चढते. पहिलं माझ्या बोटांनीही सहज ओढलं गेलं. दुसऱ्याला ह्यांनासुद्धा दात आवळून जोर लावावा लागला. मला तर ते हललंच नाही. उलट मनगटात कळ आली, परवा आमटी अळणी झाली म्हणून ह्यांनी पिरगाळलं होतं तिथंच. मी पटकन बांगड्या खाली सारल्या.

"पहिलंच घ्या साहेब. वेळेला झटकन चालतं," दुकानदार म्हणाला.

"दुसरं घ्या ना," मी म्हणाले, आणि ह्यांच्या खरेदीत तोंड घातलं म्हणून लगेच सावरून घेतलं. "तुमच्या हातात तेच भारदस्त दिसतं."

हे ते हातात धरून काउंटरमागच्या आरशात बघून हसले. दुकानदार माझ्या मनगटाकडं बघत होता. "वहिनींचं बरोबर आहे," तो हळूच म्हणाला आणि हळदकुंकवाची वाटी माझ्यापुढं सरकवली. नव्या हत्याराला पहिलं कुंकू घरच्या लक्ष्मीनं लावायचं, ही त्याच्याकडची रीत.

कुंकू लावताना मी देवाकडं एवढंच मागितलं, की ह्यांना ते ओढायला जेवढा वेळ लागेल, तेवढ्यात माझ्या हातून दाराची कडी निघू दे.