सात नंबरची काख

“हात वर कर,” धाकटी म्हणाली.

ताईने हात वर केला. धाकटीने नाक जवळ नेलं आणि लगेच दोन पावलं मागे सरली.

“सोडा फुकट गेला गं ताई. आणि हे लालेलाल काय झालंय? आग होत नाही का?”

“होते. मार्क सांग.”

“दहापैकी सात.”

दहा म्हणजे नाक धरून पळायचं, शून्य म्हणजे वासच नाही. ही मार्कांची रीत कारखान्याची. तिथे ताई पाच वर्षं डिओच्या बाटल्या खोक्यांत भरायला होती. शेजारी प्लास्टिक चिकटवायचं मशीन, सदा तापलेलं. तिथे दहा तास उभं राहिल्यावर कुणालाही घाम येणारच की! पण एक दिवस नाकसाहेब तिथून चालले होते. वास तपासणारे मुख्य परीक्षक, नाकाने कांदे सोलणारा माणूस. त्यांच्या सहीशिवाय एक बाटली बाहेर पडत नसे. ते ताईसमोर थांबले, रुमाल काढला आणि सगळ्यांदेखत मुकादमाला म्हणाले, “डिओच्या कारखान्यात हा गोठा कुणी बांधला?”

सगळे खो खो हसले. महिन्याभरात तिचं नावच ‘गोठा’ पडलं. पुढच्या महिन्यात नोकरी गेली. “वरून हुकूम आहे,” म्हणत मुकादमाने काखा वर केल्या. आता ती इस्त्रीच्या दुकानात उभी असायची, आणि बसमध्ये वरची दांडी धरायचीही तिला लाज वाटायची. मेल्याने एका वाक्यात तिचं जिणं नासवलं होतं.

“त्या माणसाचं नाक कापल्याशिवाय माझ्या जिवाला थंडावा नाही,” ती म्हणायची. तीन वर्षं रोज म्हणत होती.

मग कारखान्याने नवी टूम काढली. बिनरसायनांचा, घरगुती डिओ. काखेच्या वासावर ज्या बायका घरी काही उपाय करतात त्यांनी दर शनिवारी तपासणीला यावं. नाव विचारणार नाही, नुसता नंबर मिळेल. जिचा उपाय पसंत पडेल, तिच्याकडून कारखाना कृती विकत घेईल. ताईला सात नंबर मिळाला.

तपासणीची पद्धत तिच्या पथ्यावरच पडली. मध्ये जाड पडदा, त्याला उभी चीर. बाईने पलीकडे बसायचं, चिरेतून खांद्यापर्यंत हात बाहेर काढायचा आणि वर धरायचा. चेहरा दिसायचा नाही. काय लावलंय त्याची चिठ्ठी आधी द्यायची. नाकसाहेब ती वाचायचे, मदतनीस पोरींना बाहेर पाठवायचे आणि मग वास घ्यायचे. “दोन नाकं आली की घोळ होतो,” असं त्यांचं म्हणणं.

सोड्याला त्यांनी चार मार्क दिले.

“चार?” धाकटी फणकारली. “मोठे आले नाकवाले!”

पुढच्या शनिवारी लिंबू. आग अशी की ताईच्या डोळ्यांतून पाणी आलं. धाकटीने आठ दिले, साहेबांनी तीन. तिसऱ्या शनिवारी व्हिनेगर.

“घाम गेला बाई,” धाकटीने खिडकी उघडली, “पण आता व्हिनेगरचाच भपका येतोय.”

त्या दिवशी तपासणीहून आल्यावर ताईने हातातला कागद पुन्हा पुन्हा वाचला. कागदावर साहेबांच्या हातचं होतं : ‘एक. वास जवळजवळ नाहीच.’ मग ती हसायला लागली. पोट धरून हसली.

“सापडला,” ती म्हणाली.

“उपाय? अगं, पण व्हिनेगर...”

“व्हिनेगर नाही. आता तुरटी, खोबरेल तेल आणि आरारूट. शेवटच्या तपासणीला कारखान्याच्या मालकीणबाई येणार आहेत, माल घेणारे दुकानदार पण येणार आहेत. त्यांच्यासमोर मला त्याची सही हवी.”

“इतकं सोपं असतं तर जगाने...”

“तू गप बस. आणि मंगळवारपासून माझ्या खोलीत फिरकू नकोस. मुरायला वेळ लागतो.”

“तुरटी मुरते?”

“सगळं मुरतं,” ताई म्हणाली आणि इस्त्रीच्या दुकानात दुपारचीही पाळी मागून घेतली.

शनिवारी मालकीणबाई आणि दोन दुकानदार पार पलीकडच्या भिंतीला खुर्च्या टाकून बसले. ताईच्या डोक्यावरचा पंखा हवा बाहेर फेकत घरघरत होता. तिने हात बाहेर काढला.

“तुरटी, खोबरेल तेल, आरारूट,” साहेबांनी मोठ्याने वाचलं. “वा! साधं आणि नेमकं.” त्यांनी नाक पुढे केलं, डोळे मिटून लांब श्वास घेतला. मग आणखी एक.

“शून्य! तीस वर्षांत असं शून्य मी कुणाला दिलं नाही.”

“सही करा ना साहेब,” पडद्यामागून ताई म्हणाली.

साहेबांनी झोकात सही केली. ताई पडदा सारून बाहेर आली आणि त्यांच्या शेजारी उभी राहिली. साहेब तिच्याकडे बघत राहिले.

“आपण कुठेतरी भेटलोय का?”

“भेटलोय की. मालकीणबाई, तुमच्या नावाने माल बाजारात जाणार. एकदा तुम्हीही खात्री करून घ्या.”

मालकीणबाई हसत उठल्या. चार पावलांवर त्यांचं हसू गेलं, पाचव्या पावलाला रुमाल नाकावर गेला. मागून आलेले दुकानदार खोकत खिडकीकडे वळले. नाकसाहेब मात्र ताईला अगदी खेटून, सही केलेला कागद हातात धरून, कौतुकाने सगळ्यांकडे बघत होते.

“अहो बाई,” मालकीणबाई रुमालातून कशाबशा बोलल्या, “लावलंय तरी काय तुम्ही?”

“काही नाही,” ताई म्हणाली. “चार दिवस अंगाला पाणीसुद्धा लावलं नाही.”