छोटी पद्धत

रुइलानचे बाबा ‘ताईची’ या चिनी युद्धकलेची मोठी पद्धत साऱ्या गावाला शिकवत. घराण्याची छोटी पद्धत फक्त घरातल्यांना. लेक परक्या घरी जाणार, म्हणून ती सुनेला मिळायची, लेकीला नाही. माहेरी आलेली रुइलान लसूण सोलता सोलता अंगणात बघत होती. बाबा वहिनीचं कोपर हळूच वळवून देत होते. आपलं कोपर त्यांनी कधी धरलं होतं? वहिनी तर कालची आलेली! लहानपणी खिडकीला काचेऐवजी लावलेल्या कागदाला ओल्या बोटानं भोक पाडून तिनं सगळं चोरून पाहिलं होतं. चोरून शिकणाऱ्याला बाबा दारात उभं करत नसत. तेवढ्यात वहिनी वळताना अडखळली. “आधी डावी टाच!” रुइलान ओरडली. “वन्सं, तुम्हाला कुणी शिकवलं? मांजरानं?” “खिडकीनं,” बाबा म्हणाले. “नव्या वर्षाला कागद मीच बदलायचो. भोक तेवढं पुन्हा पाडायचो. पोरगी वाढत होती, दरवर्षी बोटभर वर न्यावं लागायचं.”